वापरलेलं घेऊ नकोस

३ फेब्रुवारी

चिमे,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. फोनवर तू "हं, बोल ताई" म्हणतेस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चालू असतात, ती मला ऐकू येतात. टाईप करूनच पोट भरते मी, मला काय फसवतेस? म्हणून पत्र. नेहमीसारखं दुकानातल्या मशीनवर, जुन्या फॉन्टात टाईप करून मेलला जोडलंय.

विषय या मशीनचाच आहे. रोज सकाळी चालू केलं की पडद्यावर पाटी येते, की या सिस्टीमला यापुढे कंपनीचा आधार नाही, नवीन घ्या. मी पाटी बंद करते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. परवा तर भूगोलाच्या पुस्तकाचा अख्खा धडा जुळवला आणि मशीनने डोळेच मिटले. लालशाई समोर बसून आधीच्या धड्याची मुद्रितं तपासत होते. (आपले मुद्रितशोधक. नाव तूच ठेवलंयस त्यांना.) मी कपाळाला हात लावून बसले, तर शांतपणे म्हणाले, गेलेल्या धड्यात चुका असतीलच, त्या तरी गेल्या. असा हा माणूस.

तीन दुकानं पालथी घातली. एक म्हणतो हीच सिस्टीम, नवी आवृत्ती घ्या. दुसरा म्हणतो सिस्टीमच बदला, आणि हातात एक चंदेरी पातळ पाटी ठेवतो, जिचं वजन माझ्या पर्सपेक्षा कमी. तिसरा म्हणतो फुकटची सिस्टीम घाला, पैसे वाचवा. प्रत्येकाचं पटतं. रिकाम्या हाताने घरी येते आणि मग रात्रभर कूस बदलत राहते. तू कॉम्प्युटरवाल्यांत आहेस, तू सांग काय घेऊ.

आणि जपून लिही बाई. मेल झेरॉक्सवाल्या वहिनी आधी उघडतात. गाळा निम्मा त्यांचा, मशीन दोघींत एक, त्यामुळे त्यांना वाटतं पत्रंही निम्मी त्यांची. मागे तू त्यांच्या नवऱ्याच्या घोरण्यावर लिहिलंस, ते मला अजून निस्तरता आलेलं नाही.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

वहिनींना नमस्कार, वाचत असतीलच.

अगदी वेळेवर लिहिलंस. तुझं पत्र त्यावर वाचलं आणि परवाच माझा जुना लॅपटॉप गेला, पडदा काळाठिक्कर. दुरुस्तीवाल्याकडे टाकलाय, तो म्हणतो सुटा भाग यायला दिवस लागतील. मला थांबायला वेळ कुठाय? नवी नोकरी, तीन महिने पारखून बघणार आणि मग पक्की करणार. दिवसभर लोक फोन करतात, मशीन चालत नाही, फाईल उघडत नाही, आणि मी त्यांना वाट दाखवायची. माझंच मशीन बंद म्हटल्यावर कोण ठेवेल मला? त्याच संध्याकाळी जाऊन नवं घेऊन आले. आणि सिस्टीमही बदलली, सरळ उडी मारली.

काय सांगू तुला. झाकण उघडलं की चालू. पंखा नाही, गुरगुर नाही. आणि जुनं सगळं उघडतं यावर, फोटो, कागदपत्रं, सगळं. तू उगाच दुकानं पालथी घालू नकोस. हीच सिस्टीम घे. पहिले दोन दिवस बोटं चुकतात, चुकीची बटणं दाबली जातात, जीव नकोसा होतो. मग बसतं.

एक मात्र कर, घेण्याआधी मला कळव. दुकानदारांच्या गोड बोलण्याला तू भुलतेस.

तुझी चिमी


११ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र वहिनींनी मोठ्याने वाचून झाल्यावर मी वाचलं. सगळं उघडतं म्हणतेस, तर हे उघड. आणि एकटी असताना वाच, जावईबापूंसमोर नको.

शुक्रवारी लालशाई मुद्रितं ठेवून गेले. मी पानं चाळायला घेतली. नद्यांच्या धड्याच्या समासात त्यांनी लिहिलं होतं, 'या दोन ओळी वेगळ्या का? एकत्र घेता येतील का?' मी शोधतेय, कुठल्या ओळी? त्या पानावर तशा ओळीच नव्हत्या. खाली बारीक अक्षरात होतं, 'प्रश्न पुस्तकाबद्दल नाही. राग आल्यास खोडून टाकावा.'

मी खोडला नाही. पण पान उलटंच ठेवलं, वहिनी यायच्या आत. त्या दिवशी मी एका आमंत्रणपत्रिकेवर 'सहकुटुंब'चं 'सहकुंटुब' केलं, आणि ते ग्राहकाने पकडलं.

मग शनिवारी ते आले तेव्हा जिन्यात उभे राहून बोललो. सरळ माणूस, सरळ सांगितलं. वय ५४. बायको जाऊन ६ वर्षं झाली. मुलगी एक, ती आपल्या घरी सुखात. हे पुस्तक १६ तारखेला छापायला जाईल. तोवर मी उत्तर द्यावं. नाही म्हटलं तर ते इथलं आवरून मुलीच्या गावी कायमचे जाणार, ती केव्हाची बोलावतेय. हो म्हटलं तर इथेच राहणार. माझ्यावर दडपण नको म्हणून हे सांगणारही नव्हते म्हणे, पण न सांगणं खोटेपणाचं वाटलं.

आता खरं लिहिते, तुलाच लिहू शकते. मला हो म्हणावंसं वाटतंय. गेली दोन वर्षं मी काही चुका मुद्दाम ठेवते. स्वच्छ मुद्रित दिलं तर ते अर्ध्या तासात उठून जातील. एखादी वेलांटी दीर्घ ठेवली, एखादा रफार खाल्ला, की चहा होईपर्यंत तरी बसतात. एवढी निर्लज्ज झालेय तुझी बहीण. आणि त्याच वेळी भीतीही वाटते. बिजवराशी लग्न, तेही एकोणपन्नासाव्या वर्षी, लोक काय म्हणतील? तू काय म्हणशील? आईबाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तुझ्याशिवाय मला आहे कोण विचारायला. तू नको म्हणालीस तर मी नको म्हणेन, आणि कधी बोलून दाखवणार नाही.

उत्तर कसं द्यायचं ते ऐक. वहिनींची तऱ्हा तुला माहीत आहे. हे पाठवलं की मी मशीनवरून पुसेन, पण तुझं उत्तर आधी त्याच वाचतील. तेव्हा सरळ काही लिहू नकोस. laptop बद्दल लिहितेयस असंच लिही. laptop घे, किंवा घेऊ नकोस. मला बरोबर कळेल. फोनवर तर हा विषय काढूच नकोस, आम्ही दोघी एकाच टेबलाला असतो.

लवकर लिही. मला एका जागी बसवत नाहीये.

ताई


१२ फेब्रुवारी
(मसुद्यात राहिलेलं, न पाठवलेलं)

ताई,

तुझं पत्र उघडलं आणि माझे डोळे पांढरे झाले. एक अक्षर लागत नाही. तुझा जुना फॉन्ट या नव्या मशीनवर नाहीच, त्यामुळे पानभर इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि चौकोन नाचतायत. वरच्या तारखेचा आकडा सोडला तर वाचता येतात ते फक्त तीन आकडे, ५४, ६ आणि १६, आणि इंग्रजीत टाईप केलेला 'लॅपटॉप'. जरा फोन करून सांगशील का

नको. हे नाही पाठवत. आठवडाही झाला नाही 'सगळं उघडतं' लिहून. ताईला कळलं तर जन्मभर ऐकवेल, आणि सिस्टीम बदलण्याचं नावच काढणार नाही. शिवाय फाईल उघडून द्यायचाच पगार घेते मी. ऑफिसात कुणाला विचारायचीही सोय नाही.

आणि न कळण्यासारखं आहे तरी काय त्यात? विषय लॅपटॉपचा. ५४ म्हणजे चोपन्न हजार. १६ म्हणजे मेमरी. आणि ६ म्हणजे सहा वर्षं जुनं. कुणीतरी तिच्या गळ्यात वापरलेलं मशीन मारतंय, तेही चोपन्न हजारांना. भोळी आहे नुसती.


१२ फेब्रुवारी

ताई,

अजिबात घेऊ नकोस. विचारसुद्धा करू नकोस.

अगं, सहा वर्षं म्हणजे काय कमी झाली? दुसऱ्याने वापरलेलं कशाला आणतेस घरात? असली मशीनं वरून पुसून चकाचक करून दाखवतात, आतून काय झालंय ते देवाला माहीत. पहिल्या मालकाच्या खाणाखुणा कितीही पुसा, जात नाहीत. त्याला सवयी त्या हाताच्या लागलेल्या, त्या तुझ्या हाताला कशा येतील? आणि बॅटरी. आज ठीक चालेल, वर्ष-दोन वर्षांत बसेल, मग तू निस्तरत बसशील. आणि अशी वस्तू एकदा घरात आली की परत कुणी घेत नाही. गळ्यात पडते.

समोरचा गोड बोलत असेल. त्याला काय, त्याला कुणाच्या तरी माथी मारायचंय. १६ बिला भुलू नकोस, वेळ निघून जाईल वगैरे सांगत असेल तर तेही नेहमीचंच.

तुझ्या वयाला आता डोक्याला ताप नको. एवढी वर्षं आहे त्याच्यावर काढलीस ना? आणखी थोडी काढ. मला सवड झाली की मीच येऊन कोरं करकरीत बघून देईन.

स्पष्ट लिहिलं म्हणून रागावू नकोस. तुझ्या भल्याचंच सांगतेय.

तुझी चिमी


१५ फेब्रुवारी

चिमे,

पत्र मिळालं. वहिनींनीही वाचलं आणि म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. इतकं हुबेहूब लिहिलंस की त्यांना कसलीच शंका आली नाही.

तुझं म्हणणं मला कळलं. आज जिन्यातच त्यांना नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं नाही त्यांनी. मीच म्हटलं, बहिणीला विचारलं होतं. ते 'बरं' म्हणाले आणि शेवटच्या धड्याची मुद्रितं माझ्या हातात देऊन खाली उतरले. महिनाभरात आवरून जातील.

एक सांगू? 'पहिल्या मालकाच्या खाणाखुणा' असं लिहायला नको होतंस. ती बाई चांगली होती. मी एकदा भेटले होते तिला. असो. नको म्हणायचं ते तू म्हणालीस, मी विचारलं म्हणूनच म्हणालीस.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. छोटंसंच आहे म्हणजे नाद सोडलास, हो ना? शाबास. सुटलीस बघ. आता निवांत राहा.

इथे कामाने पिट्टा पडलाय, पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहिते.

चिमी


२७ फेब्रुवारी

ताई,

फोन उचल. सकाळपासून करतेय. वहिनी उचलतात आणि तू बाहेर गेल्याचं सांगतात, आणि मागे तुझ्या कीबोर्डचा आवाज येतो. मला काय फसवतेस.

तू उचलत नाहीस म्हणून लिहितेय, आणि आता वहिनी वाचोत नाहीतर चौकात लावोत.

काल माझा जुना लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. तो ह्यांना द्यायचा ठरला होता, म्हणून ह्यांनीच चालू केला. मेल आपोआप उघडली, तुझी पत्रं वर होती, आणि त्या मशीनवर तुझा फॉन्ट आहे. मी स्वयंपाकघरात होते. हे आतून म्हणाले, "अगं, ताईंना लग्नाचं विचारलंय कुणीतरी, आणि तू त्यांना बॅटरीचं काय लिहिलंयस?"

ताई, मी तुझं पत्र वाचलंच नव्हतं. नव्या मशीनवर एक अक्षर दिसलं नाही. तीन आकडे दिसले, त्यावरून मी लॅपटॉप रचला. चोपन्न हजारांचा, सहा वर्षं जुना. वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली मला, एवढंच. एवढ्याशा फुशारकीपायी मी तुला काय काय लिहून बसले. माझं ते पत्र मी आता पुन्हा वाचलं आणि प्रत्येक ओळीला कानफटात मारून घ्यावीशी वाटली. आणि दुसरं पत्र, तू त्यांना नको सांगितल्याचं, त्यावर मी 'शाबास' लिहिलं.

माझं उत्तर ते नव्हतं. माझं उत्तर उत्तरच नव्हतं. मला लालशाई आवडतात. तू फोनवर त्यांच्याबद्दल बोलतेस तेव्हा तुझा आवाज बदलतो हे मला केव्हाचं ठाऊक आहे, म्हणून तर मी त्यांना नाव ठेवलं, तू चिडावीस म्हणून.

ते गेले का? गेले असतील तर मुलीचं गाव कुठलं ते सांग, मी स्वतः जाते. मी त्यांचे पाय धरते.

चिमी


१ मार्च

ताई,

शिव्या दे, पण लिही. ऑफिसात मी एका माणसाला त्याचंच मशीन बंद करायला सांगितलं आणि चालू करायला सांगायचं विसरले. तो बिचारा तासभर बसून राहिला.

ते गेले का एवढं एकच कळव.

चिमी


५ मार्च

चिमे,

हे पत्र नव्या अक्षरांत टाईप केलंय, एकेक बोटाने. तुझ्या चंदेरी पाटीवरही उघडेल. पुन्हा आकड्यांवरून काही रचू नकोस.

तुझा राग आला. खूप आला. फोन वाजायचा आणि मी वहिनींना खूण करायचे. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात पत्रं लिहिली, त्यातलं एकही टाईप करण्याजोगं नव्हतं. मग राग उतरायला लागला तसं दुसरंच काहीतरी वर आलं. तुझं 'घेऊ नकोस' वाचलं होतं तेव्हा मला धक्का बसला नव्हता, चिमे. रडू आलं होतं. ज्याला खरंच ठरवता येत नसतं त्याला उत्तर मिळालं की हायसं वाटतं. मला हायसं वाटलं नाही. म्हणजे माझं ठरलेलं होतं, फक्त बोलायची छाती नव्हती, म्हणून तुझ्या पदराआड लपले. तू चुकीचं उत्तर दिलंस हे खरं. पण ते उत्तर द्यायचं काम तुझं नव्हतंच.

ते गेले नव्हते. दहा तारखेला निघणार होते, सामान बांधत होते. मला काय करावं कळेना. जाऊन काय सांगू? बहिणीला फॉन्ट दिसला नाही म्हणून मी नको म्हटलं? कुणाला पटेल हे?

त्यातच मशीनने कायमचे डोळे मिटले. वहिनींनी हात वर केले. लॅपटॉप घेणं आता टळत नव्हतं. तुझ्यामुळे एवढी अक्कल आली होती की दुकानदार काहीही म्हणो, आपलं लिहिलेलं त्यावर नीट दिसतं की नाही ते आधी बघायचं. आणि ते बघायला माझ्यापेक्षा तयार डोळे कुणाचे? फोन केला आणि म्हटलं, जायच्या आधी एक काम कराल का, नव्या मशीनवर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बरोबर दिसतात का ते तपासून द्याल का. ते म्हणाले, येतो.

पेनड्राइव्हवर जुना फॉन्ट घेतला होता आणि भूगोलाचा एक धडा. म्हणजे मला वाटलं धडा. सारखे दिसणारे दोन पेनड्राइव्ह आहेत माझ्याकडे, एक दुकानाचा, एक घरचा, फॉन्ट दोन्हींवर. चिंतेत असलेल्या बाईने पर्स भरू नये.

पहिल्या मशीनवर दुकानदाराने फाईल उघडली तर सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. एक वाक्य लागेल तर शपथ. लालशाईंनी मान हलवली. दुसऱ्या मशीनवर फॉन्ट टाकला आणि पान झकास उघडलं. मी खूश होऊन वाकले, आणि पहिलाच शब्द वाचला, 'चिमे'.

ते माझं तुला लिहिलेलं पत्र होतं. मी ते लपवायला म्हणून त्या पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. झाकण लावायला हात पुढे केला तर त्यांनी नुसतं बोट वर केलं, मुद्रित वाचताना मधे बोललं की करतात तसं. त्यांना तपासायला मीच बोलावलेलं. ते ओळीवर ओळ वाचत गेले. जिना, बिजवर, मुद्दाम ठेवलेल्या चुका, हो म्हणावंसं वाटतंय, सगळं. मला वाटलं धरणी दुभंगावी. दुकानदार आपला शेजारी उभा राहून सांगत होता की पडदा किती स्वच्छ आहे बघा, डोळ्यांना त्रास नाही.

वाचून झालं. चष्मा काढला त्यांनी. मला वाटलं आता हसतील किंवा रागावतील. म्हणाले, "बहिणीचं उत्तर तुम्ही मला कळवलंत. तुमचं कळवायचं राहिलं."

तुझी, माझी, फॉन्टची, सगळी हकीकत सांगायची मी मनात जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही सांगितलं नाही. नंतर सांगेन. मी त्यांच्याकडे बघून "हो" म्हटलं.

दुकानदाराला वाटलं मी त्यालाच म्हटलं. तो बिल करायला गेला.

ताई